टक्के कशावर?

मराठीतल्या मापवाचक शब्दांपैकी 'वजन' या शब्दाने जेवढा संसार मांडला आहे, तेवढा 'लांबी'ने किंवा 'उंची'ने मांडलेला नाही. बोलण्याला वजन असते, कचेरीत माणसाचे वजन असते, अडलेल्या फायलीवर वजन ठेवावे लागते आणि ज्याचे म्हणणे कोणी डावलू शकत नाही तो वजनदार. शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मी ज्या भिवंडीत राहतो आणि शिकवतो तिथे उर्दू कवितेचा राबता मोठा आहे, आणि त्या कवितेच्या शास्त्रात वजन म्हणजे ओळीचे छंदोमाप. ओळीत अक्षरे किती, एवढ्यावर ते ठरत नाही. लघु-गुरूंची मांडणी कशी, यावर ठरते. अक्षरसंख्या सारखी असलेल्या दोन ओळींपैकी एक वजनात असते आणि दुसरी नसते. देहाच्या वजनासंबंधी गेले वर्षभर जे काही वाचले, त्याचे सार या एका वाक्यात मावेल असे मला वाटते. पण सारापर्यंत पोहोचण्यासाठी थोडे गणित करावे लागते, आणि साहित्याच्या वाचकांनी त्या गणिताला कंटाळू नये अशी विनंती आहे. ते चौथीच्या अंकगणितापलीकडचे नाही.

गणिताची सुरुवात धामणकर नाक्याजवळच्या एका व्यायामशाळेत झाली. नाक्यावर वजन करून घेण्याच्या सोयींना तोटा नाही. फूटपाथवर घरगुती काटा मांडून बसलेला म्हातारा आहे, औषधांच्या दुकानांतले काटे आहेत, आणि आता व्यायामशाळांतून 'शरीराची फोड' करून देणारी यंत्रे आली आहेत. अनवाणी पायांनी धातूच्या पट्ट्यांवर उभे राहायचे, हातात दोन मुठी धरायच्या. मिनिटाभरात कागद बाहेर येतो. माझ्या कागदावर होते : उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो, चरबी ३० टक्के. तिथल्या तरुण प्रशिक्षकाने पेनाने खाली '२२' असा आकडा लिहिला आणि म्हणाला, "सर, तीसमधून बावीस गेले आठ. अठ्ठ्याहत्तरचे आठ टक्के म्हणजे सव्वासहा किलो. तीन महिन्यांत होऊन जाईल." मुलगा आपुलकीने बोलत होता. त्याचे उत्तर मात्र तीन ठिकाणी तपासून पाहण्यासारखे होते.

हे तपासणे माझ्यापुरते केवळ बौद्धिक नव्हते. त्याच महिन्यात माझ्या रक्तातील एचबीए१सी ६.१ आले होते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. आणि त्या उंबरठ्यापलीकडे काय असते ते मी आमच्या घरात पाहिले आहे. आमचे वडील – आम्ही त्यांना नाना म्हणत असू – भिवंडीतल्या एका साईझिंगमध्ये हिशेबनीस होते. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५८ किलोच्या आसपास. आयुष्यभर त्यात दोन किलोंचाही फरक पडला नसेल. सडपातळ, काटक, पानतंबाखूचे व्यसन नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी पायाची जखम चिघळली आणि रक्त तपासल्यावर मधुमेह निघाला. तोही बहुधा आठदहा वर्षांचा जुना. पुढे डोळे गेले, मग मूत्रपिंडे. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत असे : "इतक्या बारीक माणसाला साखर कशी?" त्या प्रश्नात सहानुभूती होती आणि नकळत एक सिद्धान्तही होता – हा रोग जाड्यांचा, आणि जाडी म्हणजे वजन. नाना बारीक होते, म्हणून त्यांची साखर कोणी वेळेवर पाहिली नाही.

नानांची एक सवय इथे सांगितली पाहिजे. घरात कोणीही टक्केवारी उच्चारली की ते विचारत, "टक्के कशावर?" दुकानाची सूट असो, बँकेचे व्याज असो की आमचे परीक्षेतले गुण. ही सवय साईझिंगमधली. यंत्रमागावर जाण्यापूर्वी ताण्याच्या सुताला कांजी द्यावी लागते, नाहीतर मागाच्या झटक्यांनी धागे तुटतात. कांजी चढवून वाळवलेले सूत बीमवर गुंडाळले जाते आणि अर्थातच त्याचे वजन वाढलेले असते. शंभर किलो सुताला दहा किलो कांजी लागली, तर बीमवरचे सूत एकशे दहा किलो भरते. आता कांजी किती टक्के? सुतावर धरली तर दहा. एकूण वजनावर धरली तर नऊ आणि थोडे. हिशेब सुतावर होतो, कारण कापडात शेवटी सूतच राहणार असते. कांजी धुऊन निघून जाणार. शिवाय सूत हवेतली ओल पितेच. कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओल व्यापारात धरून चालतात. पावसाळ्यात ती त्याहून वाढते. तेव्हा काट्यावर आलेला आकडा म्हणजे सूत, अधिक कांजी, अधिक ओल, अधिक कोनाचा पुठ्ठा. काटा खोटे बोलत नाही. पण तो फक्त बेरीज सांगतो. बेरजेतले कोण किती हे माणसाने काढायचे असते.

आता माझ्या कागदाकडे वळू. ७८ किलोंपैकी ३० टक्के चरबी म्हणजे २३.४ किलो. उरलेले ५४.६ किलो म्हणजे हाडे, स्नायू, रक्त, पाणी, यकृत, मेंदू इत्यादी. त्याला मेदविरहित भाग म्हणू. प्रशिक्षकाच्या सल्ल्याप्रमाणे ६.२४ किलो कमी झाले, आणि ती सगळीच्या सगळी चरबी होती असे धरले, तर चरबी उरेल १७.१६ किलो आणि वजन ७१.७६. भागून पाहिले तर चरबीचे प्रमाण २३.९ टक्के येते, २२ नव्हे. कारण चरबी कमी झाली तसे एकूण वजनही कमी झाले; ज्यावर टक्के काढायचे तो आकडाच खाली सरकला. टक्के कशावर, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहतो. योग्य वाट उलटी आहे. जे टिकवायचे ते आधी धरायचे. ५४.६ किलो टिकवायचे आहेत, आणि नव्या देहात ते ७८ टक्के असायला हवेत (बावीस टक्के चरबी म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के बाकीचे). ५४.६ला ०.७८ने भागले की येतात ७०. म्हणजे आठ किलो. उंचीच्या सेंटिमीटरांतून शंभर वजा करायचे हा घरोघरचा जुना ठोकताळाही मला ७०च सांगतो. पण तो योगायोग आहे. त्या ठोकताळ्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक ठाऊकच नाही.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची. 'सगळी चरबीच गेली' हे गृहीतक फार उदार आहे. माणूस नुसता खाणे तोडून वजन उतरवतो तेव्हा जे जाते त्यात चरबीबरोबर स्नायूही असतात. शास्त्रज्ञ ढोबळपणे असे धरतात की गेलेल्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा मेदविरहित भागाचा असतो. हा काही निसर्गनियम नव्हे. माणसागणिक आणि पद्धतीगणिक तो बदलतो. पण तेवढा धरला तर हिशेब काय होतो? प्रत्येक उतरलेल्या किलोत चरबी फक्त पाऊण किलो. मग २२ टक्क्यांवर येण्यासाठी आठ नव्हे, तर जवळजवळ पावणेबारा किलो उतरवावे लागतात, वजन ६६.२ होते. तीन किलो स्नायू आणि पाणी गमावून जिथे पोहोचायचे, तिथेच स्नायू राखून आठ किलोंत पोहोचता येते. हे राखणे कशाने होते, यावर फारसा वाद नाही : आहारात पुरेशी प्रथिने, आणि स्नायूंना वजन उचलण्याचे, ओढण्याचे, ढकलण्याचे काम. उपाशी राहून रोज फक्त चालत सुटणाऱ्याला आणि डाळ-उसळ-अंडी खाऊन आठवड्यातून तीनदा जोर-बैठका काढणाऱ्याला एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे मिळतात. म्हणजे 'किती' हा प्रश्न 'कसे' ठरल्याशिवाय सुटतच नाही.

पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणाऱ्या दोन-तीन किलोंचे कौतुक सगळे करतात. ते बहुतांशी आपली नेहमीची ओल असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली पिष्टमय साखर आपल्याबरोबर तिप्पटीहून थोडे कमी-जास्त पाणी धरून असते. खाणे तुटले की साठा संपतो आणि पाणी निघून जाते. नाना याला पावसाळी सूत उन्हात ठेवणे म्हणाले असते.

तिसरी तपासणी यंत्राची. ३० हा आकडा आला कोठून? ते यंत्र चरबी मोजत नाही. ते शरीरातून अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह सोडते आणि त्याला होणारा रोध मोजते. स्नायूंत पाणी आणि क्षार असल्याने वीज सहज वाहते. चरबीतून वाहत नाही. रोधावरून पाण्याचा, पाण्यावरून मेदविरहित भागाचा आणि वजाबाकीने चरबीचा अंदाज बांधला जातो. आपण नुकते जेवलो आहोत की घामाघूम झालो आहोत, यानेही अंदाज हलतो. आणि ज्या लोकांवरून सूत्र बसवले ते लोक आपल्या बांध्याचे नसले तर आणखी हलतो. तीन टक्क्यांचा फरक काही फार नव्हे. पण खरे प्रमाण ३०ऐवजी २७ असेल, तर वरच्याच रीतीने उत्तर आठ किलोंऐवजी पाच येते. ३३ असेल तर अकरा. कागदावर दशांशचिन्हापर्यंत छापलेला आकडा मुळात एवढा डळमळीत आहे, हे कागद पाहून कळत नाही.

याहून सच्ची मोजमापे आहेत, आणि त्यांचा इतिहास वाचनीय आहे. मुकुटातले सोने शुद्ध आहे की नाही हे मुकुट न वितळवता ओळखण्याची आर्किमिडीजची कथा आपण शाळेत शिकलो. अल्बर्ट बेन्के या अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरने तीच युक्ती माणसांवर केली. माणूस पाण्याखाली तोलला की त्याची घनता निघते, आणि चरबी ही बाकीच्या देहापेक्षा हलकी असते. १९४२ साली त्याने व्यावसायिक फुटबॉलपटूंना असे तोलले. उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार त्यांतले अनेक जण सैन्यभरतीला अपात्र ठरण्याइतके 'जाड' होते. पाण्याने सांगितले की त्यांच्या अंगावर चरबी नाही, स्नायू आहेत. विल्यम सिरी याने १९६१मध्ये घनतेवरून चरबीचे प्रमाण काढण्याचे सूत्र दिले, तेव्हा त्याने चरबीची घनता ०.९ आणि बाकीच्या देहाची १.१ धरली होती. आज क्ष-किरणांच्या दोन ऊर्जा वापरणारे डेक्सा नावाचे चित्रण अधिक खात्रीचे समजले जाते. पण आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत अजून राज्य चालते ते एका बेल्जियन गणितज्ञाचे.

अडॉल्फ केतले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे निरीक्षण. लठ्ठपणाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. अन्सेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२मध्ये या गुणोत्तराला आजचे नाव दिले, आणि बीएमआय जगभर पसरला. किलोंतले वजन भागिले मीटरांतल्या उंचीचा वर्ग. यंत्र नको, पाणी नको. लोकसंख्येच्या अभ्यासाला हे सोयीचे आहे. पण एकेका माणसाला लावताना तो सूत कोणत्या काउंटचे हे न पाहता नुसता गठ्ठा तोलण्याचा प्रकार होतो. एक किलो चाळीस काउंटचे आणि एक किलो साठ काउंटचे सूत काट्यावर सारखेच. धागा मात्र दुसऱ्याचा दीडपट लांब.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक पानभराचे टिपण प्रसिद्ध केले. दोघे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र, आणि खाली आकडे. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. संशोधकाने स्वतःच्याच देहाला पुरावा म्हणून उभे करावे, यातला खेळकरपणा मला फार आवडतो.

त्यामागचे काम मात्र खेळकर नव्हते. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गर्भार स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले. २००३मध्ये त्यांनी मांडले की इथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, पण पुण्याच्या बाळांत जे कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. 'बारीक पण मेदी' असा हा देह जन्मापासूनचा. हे वाचताना नाना डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचा बीएमआय २१.३ होता. कोणत्याही तक्त्यात ते निर्दोष ठरले असते. हातपाय काटकुळे आणि सदऱ्याआड लपलेले एक छोटे गोल पोट. ते आम्ही रोज पाहत होतो आणि ते 'वयाचे' म्हणून सोडून देत होतो. भिसीत दोन वेळचे जेवून बारा-बारा तास मागांमध्ये उभे राहणाऱ्या कामगारांकडे मी आता याच नजरेने पाहतो. त्यांच्या बारीकपणाला आपण तब्येत म्हणतो, आणि ती तपासायची गरज नाही असे परस्पर ठरवून टाकतो.

तक्तेही पुढे बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे इशाऱ्याचे आकडे सुचवले; भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये २३ला जादा वजन आणि २५ला स्थूलता म्हटले, शिवाय कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर घातली. २०२५च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने तर केवळ बीएमआयवरून एखाद्याला स्थूल ठरवू नये अशीच भूमिका घेतली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली, आणि एकूण स्थूलता असलेले २८.६ टक्के असताना पोटाची स्थूलता असलेले ३९.५ टक्के निघाले. या दोन आकड्यांच्या फटीत नानांसारखी माणसे राहतात.

आश्चर्य असे की हा भेद आपल्या भाषेला जुना परिचित आहे. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मांस आणि मेद हे वेगवेगळे. चरकसंहितेतल्या सूत्रस्थानात अतिस्थूलाचे वर्णन येते, त्यात त्याच्या भाराचा आकडा नाही; वाढलेल्या मेदमांसाने हलणारे नितंब, पोट आणि स्तन यांचे वर्णन आहे. म्हणजे कुठे साठले आहे याकडे लक्ष आहे. पुढे बोलीत हा विवेक हरवला असावा. आनंद झाला की आपल्या अंगावर मूठभर 'मांस' चढते. वास्तविक अशा वेळी चढतो तो बहुधा मेद. 'खात्यापित्या घरचा' ही स्तुती आहे, 'भरलेले अंग' हे सौभाग्य आहे, आणि 'बारीक' म्हटले की विषय संपतो. ज्या समाजाने दुष्काळ पाहिले त्याच्या भाषेने चरबीला वैभव मानावे यात गैर काही नाही. पण मग विनोदही वजनाचाच होतो, मेदाचा होत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' आठवावा. वजन उतरवण्याचा संकल्प जाहीर होताच अख्खी चाळ आहारतज्ज्ञ बनते. तो लेख आजही ताजा वाटतो, कारण सल्ल्यांची ती चाळ आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये राहायला आली आहे. आणि काट्याचा आकडा हाच अजून अंतिम न्याय आहे. रेल्वे फलाटांवरच्या वजनयंत्रातून पूर्वी जाड पुठ्ठ्याचे कार्ड पडत असे, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आपण अजून तेच कार्ड हातात धरून उभे आहोत. एक बाजू वाचली की दुसरी कळली, अशी आपली समजूत आहे.

ती समजूत किती खरी? अमेरिकेतल्या मधुमेहप्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाने २००२मध्ये दाखवले की उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवण्याचे ध्येय ठेवून आहार आणि व्यायाम सांभाळला, तर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटते. माझ्या बाबतीत सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. हे उत्तेजक आहे. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय प्रयोगाचे निष्कर्ष २००६मध्ये आले, ते मला अधिक विचार करायला लावतात. तिथेही आहार आणि हालचाल बदलली. मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आणि सहभागी लोकांच्या वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नव्हता. काटा जागचा हलला नाही आणि रोग मागे सरला. आत काहीतरी बदलले होते, बेरीज बदलली नव्हती. नानांना असा सल्ला कोणी दिला असता तर, असे मनात येतेच. त्यांना 'इतके किलो कमी करा' असे सांगणे हास्यास्पद ठरले असते. त्यांच्या बाबतीत 'किती किलो' या प्रश्नाचे उत्तर बहुधा शून्याच्या जवळ होते; आणि तरीही करण्यासारखे पुष्कळ होते.

२२ हे ध्येय तरी कोठून आले, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारील. पुरुषांत २५ आणि स्त्रियांत ३५ टक्क्यांवर स्थूलता धरण्याची रीत अनेक संशोधनलेखांत दिसते, पण बीएमआयसारखी सर्वमान्य रेषा चरबीच्या टक्क्यांना नाही. शिवाय शून्य हे ध्येय असूच शकत नाही. मेंदू, मज्जा, पेशींची आवरणे यांत चरबी आहेच; पुरुषाच्या देहात तीन टक्क्यांच्या आणि स्त्रीच्या देहात बारा टक्क्यांच्या आसपास चरबी ही जगण्याची गरज मानतात. १९९४मध्ये लेप्टिन हे संप्रेरक सापडल्यापासून चरबी ही नुसती कोठी नसून मेंदूशी बोलणारा अवयव आहे, हेही कळले आहे. तेव्हा २२ हा माझ्यापुरता एक मुक्काम आहे, मोक्ष नव्हे.

मग माझे उत्तर काय? प्रामाणिकपणे लिहायचे तर, स्नायू राखले आणि यंत्र खरे असेल तर आठ किलो. यंत्र चरबी जास्त सांगत असेल तर पाच. आणि नुसते उपास करून बसलो तर जवळजवळ बारा. 'पाच ते बारा' हे उत्तर व्यायामशाळेच्या भिंतीवर लावता येण्यासारखे नाही. पण त्यातून एक कामाचा क्रम निघतो. आधी काय टिकवायचे ते ठरवावे, मग काय सोडायचे ते. पहिले पाच किलो उतरेपर्यंत दंड, मांड्या आणि जिना चढण्याची ताकद शाबूत आहे ना, हे पाहावे, पुन्हा मोजावे, मग पुढचे ठरवावे. त्याच यंत्रावर, त्याच वेळी, उपाशीपोटी मोजले तर आकडा खरा नसला तरी त्याची दिशा खरी असते.

आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी हा सगळा हिशेब ऐकून घेतला आणि विचारले, "अहो, पण माझे काय? मी तर एकसष्ट किलोंचा." हे गृहस्थ अंगाने नानांसारखेच. त्यांना गणित सांगण्यात अर्थ नव्हता. स्टाफरूममध्ये सुतळी होती. तिचा त्यांच्या उंचीएवढा तुकडा कापला, मधोमध दुमडला आणि त्यांच्या कंबरेभोवती धरला. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. दुमडलेल्या सुतळीची टोके भेटली तर ठीक. ती भेटली नाहीत. मध्ये चार बोटांचे अंतर राहिले.

सूत वजनाने विकतात आणि कापड लांबीने. भिवंडीत हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. सहकाऱ्यांना मी एवढेच म्हटले, की एकही किलो कमी करू नका, ही चार बोटे कमी करा, आणि त्याआधी उद्या सकाळी उपाशीपोटी साखर तपासून घ्या. ते म्हणाले, बघू. मी म्हटले, बघू नका, चला, मीही येतो.